सेवेची हौस दांडगी, हातपाय बधिर: कुष्ठमुक्त माणसाला घरात कामं कोणती द्यायची?

ओसरी

नमस्कार. आमचं लहानसं निवासी घर आहे, एकूण १४ माणसं. बहुतेक एकटे वृद्ध, दोघं अंध (त्यांतल्या एक आजी), एक जण चाकाच्या खुर्चीवर. दोन महिन्यांपूर्वी पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ राहायला आले. कुष्ठरोगाचं एमडीटी (अनेक औषधांचा एकत्र उपचार) १२ महिने घेऊन पूर्ण केलं, त्याला नऊ वर्षं झाली. तसं कार्ड सोबत आहे. डाव्या हाताची चारही बोटं आकसलेली, उजव्याची अनामिका आणि करंगळी वाकलेली. नाक बसलेलं, भुवया नाहीत, डावा डोळा पुरता मिटत नाही. दोन्ही तळहात आणि तळपाय बधिर. घरच्यांनी केव्हाच हात झटकलेत.

कामाला मागे राहत नाही अशी कुणाची तक्रार करावी लागेल असं वाटलं नव्हतं, पण तीच वेळ आली आहे. पहाटे उठून बंब पेटवणं, आजींना धरून न्हाणीपर्यंत नेणं, सगळ्यांच्या बादल्या भरणं. कुणाचं काही अडलं की हे हजर. गेल्या आठवड्यात चहाचं पातेलं फडक्याशिवाय उचललं आणि तळहातावर फोड आले. त्याच दिवशी कळलं की उजव्या पायाच्या चवड्याखाली रुपयाएवढी जखम आहे आणि ती बरेच दिवस चिंधी बांधून लपवली होती.

तर प्रश्न असे. जखमेचं काय करायचं? कोणती कामं द्यायची, कोणती काढून घ्यायची? दोन जण त्यांच्या पंगतीला बसत नाहीत, त्यांना काय सांगायचं? आणि एक विश्वस्त म्हणतात, "अशांसाठी वसाहती आहेत, तिकडे पाठवा." माहितगारांनी नेमकं सांगावं, उपदेश नको.

---

पट्टी_बंडल

आधी पाय, बाकीचं नंतर.

आजच उजेडात पाय नीट बघा. जखमेला घाण वास, पू, आजूबाजूला सूज किंवा लाली, अंगात ताप, जांघेत अवधाण (सुजलेली गाठ), किंवा जखमेच्या तळाशी हाड दिसतंय किंवा कडक काही लागतंय, यातलं एक जरी असलं तरी घरी काही करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आत कुजलेलं हाड असेल तर ते काढल्याशिवाय वरून कितीही पट्ट्या बांधल्या तरी जखम भरत नाही. भरल्यासारखी दिसते आणि पुन्हा फुटते. जाल तेव्हा रक्तातली साखरही तपासून घ्या. या वयात मधुमेह सोबतीला असला तर हिशेबच बदलतो.

यातलं काही नसेल तर ती साधी जखम. ती का झाली हे घरातल्या सगळ्यांना कळायला हवं. ही जखम रोगाची नाही, चालण्याची आहे. घोट्याच्या आतल्या बाजूने तळपायात जाणारी नस रोगात मेली. रोग गेला तरी नस परत येत नाही. तुमच्या-माझ्या चवड्याला दहा मिनिटं एकाच जागी दाब बसला की आपण नकळत पाऊल वेगळं टाकतो. यांना कळत नाही, म्हणून ते त्याच जागेवर हजार पावलं टाकतात. वरची कातडी शाबूत असताना आतलं मांस चेचलं जातं आणि मग ते फुटतं. याच नसांबरोबर घामही जातो. घाम नाही म्हणून कातडी कोरडी, कोरडी म्हणून भेगा, आणि भेगेतून जंतू आत.

त्यामुळे मलमापेक्षा महत्त्वाचं एकच: त्या पायावर वजन टाकायचं नाही. पूर्ण विश्रांती मिळाली तर अशी जखम साधारण ६ आठवड्यांत भरते. "थोडंच चालतो" म्हटलं की ६ महिने धरा. संडास-बाथरूमपुरत्या कुबड्या किंवा चाकाची खुर्ची. विश्रांती शक्यच नसेल तर कुष्ठरोगाचं काम करणाऱ्या रुग्णालयात पायाच्या आकाराचं घट्ट प्लास्टर घालून देतात, त्यात वजन सगळ्या तळव्यावर वाटलं जातं. ते प्लास्टर नेहमीच्या हाडाच्या प्लास्टरसारखं नसतं. सवय नसलेल्याने घातलं तर आतून नवी जखम होते.

रोजचं असं करा:

टबात साधं पाणी, गरम नाही. पाण्यात हात घालून बघायचं ते दुसऱ्या कुणीतरी, त्यांनी स्वतः नाही. पाय २० मिनिटं बुडवून ठेवायचे. मग जखमेच्या कडेचा आणि टाचेचा घट्टा वजरीने हलक्या हाताने घासायचा. ब्लेड अजिबात नको. घट्टा काढण्यात आळस केला तर तो पायाखाली खड्यासारखा दाब देतो आणि त्याच्याच खाली नवी जखम तयार होते. पाय ओला असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळायचं, म्हणजे पाणी कातडीत टिकतं. तेल जखमेत घालायचं नाही. जखम स्वच्छ पाण्याने धुवून गॉज आणि पातळ पट्टी. पट्टीचा गोळा करून बांधलात तर गोळ्याचाच दाब बसतो. हळद, चुना, राख, तंबाखू काही नको.

हाताचे फोड फोडू नका. झाकून ठेवा आणि भरेपर्यंत त्या हाताला काम नाही.

डोळा विसरला जातो, म्हणून मुद्दाम लिहिते. पापणी मिटत नसेल आणि बुबुळही बधिर असेल तर कचरा गेलेला कळत नाही आणि नजर जाते. रोज सकाळी आरशात बघायचं: लाल आहे का, कचरा आहे का. दिवसा बाहेर गॉगल किंवा टोपी, रात्री झोपताना डोळ्यावर स्वच्छ कापड, जागेपणी आठवणीने जोर लावून पापणी मिटायची सवय. डोळा लाल झाला किंवा धूसर दिसू लागलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी. उद्या नाही.

शेवटचं. नऊ वर्षांनी रोग उलटणं फार दुर्मिळ. पण नवा चट्टा, कोपराशी किंवा गुडघ्यामागे नस दुखणं, कालपर्यंत हलणारं बोट आज न हलणं, असं काही दिसलं तर थांबू नका. नसेची कमजोरी नवी असेल, म्हणजे ६ महिन्यांच्या आतली, तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड गोळ्यांच्या कोर्सने बरीचशी परत मिळू शकते. त्यानंतर संधी जवळजवळ संपते. गोळ्या डॉक्टरच ठरवतील, मनाने सुरू करायच्या नाहीत आणि मध्येच सोडायच्या तर अजिबात नाहीत.

---

आरी_दोरा

वरच्या प्रतिसादाला जोड. जखम भरल्यावर तो माणूस जुन्याच चपलेत गेला की दोन महिन्यांत परत तिथेच.

काय हवं: एमसीआर चप्पल. आतला थर मायक्रोसेल्युलर रबराचा, १० मिमी जाडीचा, मऊ. खालचा तळ कडक, काटा आत येऊ नये म्हणून. दोन्ही थर चिकटवलेले आणि शिवलेले. खिळा एकही नाही, कारण झिजल्यावर खिळा वर येतो आणि बधिर पायाला त्याचा पत्ता लागत नाही. टाचेमागे पट्टा हवाच, नाहीतर चप्पल पायात धरून ठेवायला वाकडी बोटं आणखी वाकतात. वरचे पट्टे रुंद आणि वेल्क्रोचे, कारण या हातांना बक्कल लागत नाही. अंगठ्याची चप्पल बाद. तिचा पट्टा बोटांच्या बेचक्यात कापतो.

एमसीआर चांगलं आहे का हे ओळखायची सोपी रीत: अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जोरात दाबायचं. जवळजवळ निम्मं दबून लगेच वर आलं पाहिजे. दबलंच नाही तर ते साधं कडक रबर. दबून तसंच राहिलं तर मेलेलं. रोज वापरात ६ महिन्यांत मरतं. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात बधिर पायांच्या माणसाला ही चप्पल फुकट मिळते, वर्षाला दोन जोड. प्राथमिक आरोग्य केंद्रात मागा. सरळ मापाची मिळते. पायाचा आकार बदललेला असेल तर खास करून घ्यावी लागते.

चवड्याखाली वारंवार फुटत असेल तर आत एक आडवी पट्टी बसवतात. ती चवड्यातल्या हाडांच्या टोकांच्या मागे, म्हणजे टाचेच्या बाजूला यायला हवी, म्हणजे वजन चवड्यावरून मागे सरकतं. बोटभर पुढे गेली की नेमकी जखमेवरच दाबते. हे काम अंदाजाने करू नका. जखमेच्या जागेला लिपस्टिक किंवा ओला खडू लावून पाऊल आतल्या तळावर टेकवायचं, ठसा उमटतो, मग त्याच्या मागे पट्टी.

नवी चप्पल पहिल्या दिवशी दोन तास. काढायची, पाय बघायचा. लाल डाग पंधरा-वीस मिनिटांत गेला नाही तर चप्पल परत. रोज थोडं थोडं वाढवायचं. आणि घालण्याआधी प्रत्येक वेळी उलटी करून आपटायची. खडा, बी, बाटलीचं झाकण, काहीही आत असतं आणि माणूस दिवसभर त्यावर चालतो.

घरातही घालायची. सगळे म्हणतात "घरात कशाला चप्पल". पण घरातच तर सगळ्यात जास्त पावलं पडतात.

---

उंबरठा

जखम का लपवली, हा खरा प्रश्न आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांतलं सगळं केलंत आणि हे राहिलं तर पुढची जखमही लपवली जाईल.

ज्याला एकदा घराबाहेर काढलंय तो नव्या घरात कष्टाने भाडं भरत असतो. पहाटे बंब पेटवणारा हा माणूस उदार आहे यात शंका नाही, पण त्यात एक भीतीही आहे: उपयोग संपला की जागा संपली. चिंधी त्यासाठीच. म्हणून आधी स्पष्ट शब्दांत सांगायचं, एकट्यात आणि नंतर सगळ्यांसमोर, की जखम झाली म्हणून इथली जागा जात नाही. नुसतं सांगून पुरत नाही. कपाट द्या, त्याची किल्ली द्या, रजिस्टरमध्ये नाव 'पाहुणा' म्हणून नाही, रहिवासी म्हणून घाला. घराच्या बैठकीत मत विचारा. एखाद्या गोष्टीला त्यांनी "नको" म्हटलं आणि ते ऐकलं गेलं, असं घडेपर्यंत वाट बघा. तोवर ते पाहुणेच.

कामाचं. इतरांना जितकं ठरलेलं काम तितकंच यांना, लिहून, वेळेसकट. "जमेल ते करा" हे यांच्यासाठी सगळ्यात वाईट वाक्य; त्यांना सगळंच जमतं, कारण दुखत नाही. दोन याद्या करा: चालती कामं आणि बैठी कामं. जखम असेल तेव्हा माणूस आपोआप बैठ्या यादीवर जातो, पण काम संपत नाही. विश्रांती मोडली जाते ती पाय दुखत नाही म्हणून आणि रिकामं बसवत नाही म्हणूनही. पलंगावर झोपवून ठेवलेला माणूस तिसऱ्या दिवशी बादली उचलताना सापडतो.

बैठं काम दुय्यम नको. कोणीतरी त्यावर अवलंबून असायला हवं, आणि ते न झाल्यास दिसायला हवं. उदाहरणार्थ गोळ्यांच्या वेळा: १४ माणसांच्या घरात कुणाची रक्तदाबाची गोळी कधी, संपायला किती दिवस, हे एका वहीत ठेवणं हे जोखमीचं आणि मानाचं काम आहे. कोठीची किल्ली आणि हिशेब. दाराशी आलेल्याची नोंद. रात्री हाक आली तर कुणाला उठवायचं ते ठरवणं.

आता एक जोडणी सुचवतो. तुमच्याकडे दोन अंध रहिवासी आहेत. बधिर पायात जखम व्हायच्या आधी तो भाग गरम होतो. डोळ्याला काही दिसत नाही, पण हाताला लागतं, आणि यांच्या हाताला तर लागणार नाही. अंध व्यक्तीचे हात या कामाला उत्तम. रोज संध्याकाळी, पाय टेकून अर्धा तास बसल्यावर, आजींनी हाताची पाठ आधी डाव्या तळव्याला लावायची, मग उजव्या. टाच, बाहेरची कड, चवडा, अंगठा, याच क्रमाने. एक जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा गरम लागली तर दुसऱ्या दिवशी बैठी यादी. पाण्याचं तापमान बघायचं तेही त्यांच्याच हाताने. बदल्यात यांनी आजींना पत्र वाचून दाखवावं, गोळीच्या पाकिटावरची मुदत बघावी, सुईत दोरा... नाही, सुई नको. दोघांपैकी कुणीच कुणावर उपकार करत नाही आणि कुणाला 'सेवा घेतोय' असं वाटत नाही. आजींना दिलेलं हे काम गंमत म्हणून देऊ नका. वहीत त्यांचं नाव आणि रोजचा शेरा हवा.

पंगतीचं. त्या दोघांना भाषण देऊ नका. तुम्ही स्वतः त्यांच्या शेजारी बसा, त्याच भांड्यातलं वाढून घ्या, रोज. तथ्य विचारलं तर सांगा: एमडीटी सुरू झाल्यावर थोड्याच काळात माणूस रोग पसरवायचा थांबतो, यांचं तर नऊ वर्षांपूर्वी संपलं. जखमेतून कुष्ठरोग लागत नाही. शिवाय शंभरातल्या ९५हून जास्त माणसांच्या अंगात या जंतूला नैसर्गिक प्रतिकार असतो. घरातल्यांना रोग टाळण्यासाठी रिफाम्पिसिन या औषधाची एक मात्रा देतात ती नव्याने सापडलेल्या रुग्णाच्या सहवासितांसाठी; तुमच्याकडे तिची गरज नाही.

एक नियम मात्र करा, आणि तो सगळ्यांसाठी करा: ज्याच्या हाताला पट्टी, तो त्या दिवशी कणीक मळणार नाही आणि वाढणार नाही. भाजी चिरताना बोट कापलेल्या स्वयंपाकीणबाईंनाही हाच नियम. मग तो नियम रोगाचा राहत नाही, पट्टीचा होतो.

वेगळं ताट, वेगळा पेला 'तात्पुरता' म्हणूनसुद्धा सुरू करू नका. सुरू करायला एक दिवस लागतो, बंद करायला वर्षं.

---

वर्धा_लोकल

विश्वस्तांच्या मुद्द्यावर. वसाहती का झाल्या ते आधी बघू. १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी काम सुरू केलं, १९४६ मध्ये अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन, १९४९ मध्ये वरोऱ्यात बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती. तेव्हा एमडीटी नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस १९८१ मध्ये केली. माणसाला गाव ठेवत नव्हतं म्हणून गावाबाहेर गाव वसवावं लागलं. आज उपचार पूर्ण झालेल्या माणसाला वेगळं ठेवायला वैद्यकीय कारण एकही नाही. कायद्याचंही नाही: १८९८ चा लेपर्स अ‍ॅक्ट २०१६ मध्ये रद्द झाला, २०१९ मध्ये घटस्फोटाच्या कारणांतूनही कुष्ठरोग काढला.

वसाहतीबद्दल आकस मात्र नको. आनंदवनाची भाजी सुरुवातीला वरोऱ्यात कोणी घेत नसे. पुढे तिथल्याच हातांनी बाहेरच्या मुलांसाठी कॉलेज उभं केलं. काही जणांना अशी जागा आवडते जिथे सगळ्यांचे हात आपल्यासारखेच असतात आणि कुणी वळून बघत नाही. तेव्हा पाठवायचं की नाही हे विश्वस्तांनी ठरवायचं नाही, त्या गृहस्थांना विचारायचं. तेही जखम भरल्यावर. आत्ता विचारलं तर ते "जातो" म्हणतील.

कागदपत्रं: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'कुष्ठमुक्त व्यक्ती' हा स्वतंत्र उल्लेख आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या. ४० टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाण असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. संजय गांधी निराधार योजनेतही कुष्ठरोगाचा समावेश आहे, तहसील कार्यालयात अर्ज. आधारला बोटांचे ठसे कदाचित नीट उमटणार नाहीत. डोळ्याच्या बुबुळावर नोंद होते, तीही नीट आली नाही तर अपवाद म्हणून नोंदणी करायची तरतूद आहे. केंद्रावरचा माणूस "होत नाही" म्हणाला तरी होते.

आणि 'महारोगी' हा शब्द जुन्या संस्थांच्या नावात आहे, तो तिथेच राहू द्या. घरात नावाने हाक मारा. मामा, काका काय व्हायचं ते आपोआप होईल.

---

ओसरी

सगळ्यांचे आभार. पायाला वास नाही, ताप नाही, हाड लागत नाही. साखर तपासली, ठीक आहे. कालपासून चाकाची खुर्ची. आजींना संध्याकाळच्या कामाबद्दल विचारलं, त्यांनी लगेच "रोज किती वाजता?" असं विचारलं.

आणखी दोन गोष्टी. बोटं सरळ होतील का, ऑपरेशन होतं म्हणतात ते या वयात करावं का? आणि स्वयंपाकघरात जाण्याचा हट्ट सुटत नाही, तिथे काय बदल करू? शिवाय परवा सकाळी डाव्या करंगळीच्या टोकाला कुरतडल्यासारखी खूण होती, भाजलेलं नाही.

---

सांधेजोड

ती खूण उंदराची असण्याची शक्यता मोठी आहे. बधिर बोटाला उंदीर रात्री कुरतडतो आणि माणसाला जाग येत नाही. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातापायांची ऑपरेशनं करणारे डॉ. पॉल ब्रँड यांना ही गोष्ट लक्षात आली तेव्हा त्यांनी रुग्णांना मांजरं दिली होती. पलंग भिंतीपासून हातभर लांब, पांघरूण जमिनीवर लोंबणार नाही असं, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली, झोपण्याआधी हातांना अन्नाचा वास राहणार नाही असे धुतलेले. उशाशी खाऊ नको. जखम साबणाने धुवून डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते विचारतील. "कुष्ठरोगात बोटं झडतात" असं लोक म्हणतात ना, ती झडत नाहीत. अशीच भाजून, कापून, कुरतडून, पिकून आखडत जातात. म्हणजे हे थांबवता येतं.

ऑपरेशन: काम करणाऱ्या स्नायूची दोरी वळवून लुळ्या बोटाला जोडतात. त्यासाठी एमडीटी पूर्ण, गेल्या ६ महिन्यांत रिअ‍ॅक्शन (चट्टे किंवा नसा अचानक सुजणं) किंवा नस दुखणं नाही, लुळेपणाला वर्ष उलटलेलं, हातावर उघडी जखम नाही, आणि सांधे मऊ हवेत. अडकतं ते या शेवटच्या अटीवर. तुम्ही सोपी परीक्षा करा: मनगट धरून दुसऱ्या हाताने वाकलेलं बोट हळूच सरळ करून बघा. पूर्ण उघडलं तर तज्ज्ञांना दाखवण्यात अर्थ आहे. मध्येच अडकलं तर आधी काही महिने व्यायाम आणि पट्टीने सांधा सोडवावा लागेल, तोही सुटेलच असं नाही. इतक्या वर्षांनी डाव्या हाताकडून फार आशा ठेवू नका, उजव्याचं बघा. त्या आधी डोळ्याचं ऑपरेशन विचारा. पापणी मिटण्याचं वेगळं ऑपरेशन असतं आणि नजर वाचवण्यासाठी ते मला बोटांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

एक गोष्ट डॉक्टर सांगतात आणि माणूस विसरतो: ऑपरेशनने हालचाल येते, जाणीव येत नाही. बोटं सरळ झाल्यावर तोच हात जास्त वापरला जातो आणि जखमा वाढतात.

रोजचा व्यायाम: हात २० मिनिटं पाण्यात, मग तेल. हात मांडीवर पालथा नाही, उताणा ठेवायचा. दुसऱ्या हाताच्या तळव्याने बोटांच्या मुळापासून टोकाकडे सरळ करत जायचं, शेवटी दहा अंक मोजेपर्यंत धरायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. जोर लावून झटका द्यायचा नाही. बोटाच्या आतल्या घडीवर कातडी फाटते आणि भरायला महिना लागतो.

स्वयंपाकघर बंद करू नका, सोयीचं करा. पेल्यातून चहा बंद; कानाचा कप, तोही कानाभोवती कापड गुंडाळलेला. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा चालतात, म्हणजे सांडशी धरता येते, पण ती लांब दांड्याची घ्या. पातेलं उतरवायचं काम मात्र त्यांचं नाही, हे लिहूनच टाका. वाफेचं भाजणं सांडशीने टळत नाही. डाव, झारा, विळा यांच्या मुठी जुन्या सायकल ट्यूबने गुंडाळून जाड करा. बारीक मूठ धरली की सगळा दाब दोन बोटांवर येतो, आणि बधिर हात गरजेपेक्षा दुपटीने आवळतो कारण पकड किती झाली ते त्याला कळत नाही. किल्लीलाही तसंच: एवढ्याशा पात्यावर जोर लावून बोटाची कातडी फुटते. कोठीची किल्ली देणार असाल तर तिला लाकडाचा चपटा तुकडा बांधून द्या, वीतभर.

कोणतंही हाताचं काम सलग २० मिनिटं. मग हात धुवायचे, उजेडात तळवे बघायचे, लाल डाग असेल तर काम बदलायचं. विडी ओढत असतील तर विचारा. दोन बोटांच्या मधोमध जुने डाग असतील तर ते विडीचेच. सुटत नसेल तर लांब नळी लावून ओढू द्या, भाषण नंतर.

सुरुवातीला एकदा नकाशा करा. कागदावर दोन्ही तळहात आणि तळपाय ठेवून कडेने पेन फिरवायचं. मग त्यांना डोळे मिटायला सांगून बॉलपेनच्या टोकाने सात-आठ ठिकाणी हलकेच टेकवायचं, कातडी जरा दबेल इतकंच, आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगायचं. न कळलेल्या जागा कागदावर रंगवायच्या. हा कागद स्वयंपाकघरात नको, त्यांच्या कपाटात. सहा महिन्यांनी पुन्हा करायचा, रंग वाढला तर डॉक्टर.

---

आरी_दोरा

@ओसरी, चपलेचं माप आत्ता घेऊ नका. जखमेचा पाय सुजलेला असतो, भरल्यावर ती ढिली होईल आणि घासून टाचेला फोड आणेल. जखम बंद झाल्यावर दोन आठवडे थांबा, मग संध्याकाळी उभं करून दोन्ही पायांचं वेगळं माप. आणि मागताना दोन्ही जोड एकदम मागा, एक जोड भिजला की दुसरा हवा. ओल्या चपलेने बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात.

---

ओसरी

उंदराचंच होतं. पलंगाखाली लेंड्या सापडल्या. मच्छरदाणी लावली, पिंजरा लावला. गोळ्यांची वही त्यांच्याकडे दिली आहे. पहिल्याच दिवशी दोघांच्या गोळ्या मुदत संपलेल्या निघाल्या. पंगतीला न बसणाऱ्यांपैकी एकाच्या होत्या. तो अजून लांबच बसतो, पण गोळी घ्यायला खुर्चीपाशी येतो.

काल संध्याकाळी आजींना डाव्या पायाची बाहेरची कड गरम लागली. सगळा भार आता त्याच पायावर पडतोय म्हणून असेल का? खुर्चीवर बसून तोच पाय जमिनीला रेटत खुर्ची पुढे ढकलतात हे आज बघितलं.

---

पट्टी_बंडल

तेच कारण. खुर्चीला पाय ठेवायच्या पट्ट्या असतील तर आजच बसवा, आणि दोन्ही पाय वर. पुढचे तीन दिवस आजींनी तीच जागा सकाळ-संध्याकाळ बघायची. तीन दिवसांनीही गरम असेल तर कातडी शाबूत दिसली तरी दवाखान्यात दाखवा.